मढ्याचं एक वाक्य

अन्येल्लो मोर्मीले पोटासाठी मरायचा. आमच्या नेपल्सच्या सानिता वस्तीत पोटासाठी माणसं काय काय करतात. कुणी हातमोजे शिवतं, कुणी चोरट्या सिगारेटी विकतं, कुणी देवळाच्या पायरीवर बसून लंगडं होतं आणि जेवायच्या वेळेला सरळ चालत घरी जातं. अन्येल्लो सिनेमात मढं व्हायचा. पोलिसांच्या सिनेमात गोळी लागून, राजेरजवाड्यांच्या सिनेमात विष पिऊन, ज्वालामुखीच्या सिनेमात राखेखाली. एका युद्धाच्या सिनेमात तर सकाळी तो आपल्या बाजूनं मेला आणि दुपारी कपडे बदलून शत्रूच्या बाजूनं. रोमच्या सिनेमावाल्यांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. 'नेपल्सचा तो मेलेला बोलवा' असा निरोप यायचा आणि अन्येल्लो इस्त्रीचा काळा कोट घालून हजर व्हायचा.

आधी तो मासळीबाजारात हमाली करत होता. एकदा वस्तीत सिनेमाचं चित्रीकरण आलं. मढं म्हणून शवपेटीत झोपायला जो माणूस आणला होता त्याला मेणबत्त्यांच्या धुरानं शिंका यायला लागल्या. दिग्दर्शक डोकं धरून बसला होता, तेवढ्यात त्याची नजर गर्दीतल्या अन्येल्लोवर गेली. मेणासारखा रंग, गालफडं बसलेली, नाक सुरीसारखं. "तू झोप रे," दिग्दर्शक म्हणाला. अन्येल्लो झोपला, आणि रस्त्यानं चाललेल्या खऱ्या पाद्र्यानं थांबून टोपी काढली. मासळीबाजार त्या दिवशी सुटला तो सुटलाच.

मरणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्यानं कधी नोकरी म्हणून मरून पाहिलेलं नाही. आदल्या दिवशीपासून कडधान्य बंद, कारण मढ्याच्या पोटात गुडगुडलं तर सगळा देखावा पुन्हा करावा लागतो. माशी नाकावर बसली तर ती स्वतःच्या मर्जीनं उठेपर्यंत थांबायचं. छातीवर पडून रडणाऱ्या नट्या पावडर लावून आलेल्या असतात, ती नाकात जाते. आणि सगळ्यात अवघड म्हणजे श्वास. अन्येल्लोनं इतकी वर्षं तो रोखला की आता त्याला रोखावा लागत नसे. कॅमेरा सुरू झाला की श्वास आपला आपण आत जाऊन बसायचा, सासू आल्यावर सून स्वयंपाकघरात जाते तसा.

गल्लीला मात्र ह्या माणसाचं काय करावं ते कळत नव्हतं. सोमवारी सकाळी तो समोरून आला की लोक खिशात हात घालून किल्ली चाचपायचे, कारण अपशकुनाला लोखंड बरं. शुक्रवारी संध्याकाळी तेच लोक त्याच्या गळ्यात गळा घालायचे. शनिवारी लॉटरीची सोडत असते, आणि आमच्याकडे आकडे देतात ती मेलेली माणसं. बाकीच्यांची मेलेली माणसं फक्त स्वप्नात येतात, तीही कधीमधी, आणि अर्धवट काहीतरी सांगून जातात. अन्येल्लो तंबाखूच्या दुकानात रोज भेटायचा.

"काय दिसलं रे पलीकडे ह्या खेपेला?" नन्नीना विचारायची.

नन्नीना म्हणजे आमच्या गल्लीची तळलेल्या पिझ्झाची कढई आणि आकड्यांचं सर्वोच्च न्यायालय. कुणाला स्वप्नात घोडा दिसो की जावई, त्याचा आकडा नन्नीना सांगणार.

"काही नाही दिसलं, नन्नीनाताई. डोळे मिटलेले होते."

"मग मरून उपयोग काय तुझा!"

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात. अन्येल्लोला मरूनही दिसला नाही, ह्याचा सगळ्या गल्लीला राग होता.

त्याचं लग्न झालं नाही. एक मुलगी जवळजवळ ठरली होती, पण तिनं त्याला एका सिनेमात ट्रकखाली जाताना पाहिलं आणि ती इतकी रडली की मग तो जिवंत समोर आला तर तिला ते पटेचना. "एकदा विधवा झाले तेवढं पुरे," ती म्हणाली. तेव्हा घरात दोघंच होती, अन्येल्लो आणि त्याची आई रेस्तितूता. तिला सगळे तितूतामावशी म्हणायचे. तितूतामावशीनं जन्मभर घरी बसून हातमोजे शिवले. त्यातही तिच्या वाट्याला यायचे सुतकातले काळे, काळ्या कातड्यावर काळा धागा. त्यानं डोळे गेले. जाईपर्यंत शिवत होती आणि गेल्यावरही काही दिवस शिवत होती, कुणाला फरक कळला नाही.

अन्येल्लो तिला आपल्या प्रत्येक सिनेमाला न्यायचा. शेजारी बसवायचा आणि वेळ आली की कानात सांगायचा.

"आता आलोय मी, आई."

"कुठं?"

"पडद्यावर. अगदी मधोमध."

"मग बोल की काहीतरी."

"मेलोय मी, आई."

"परत?" तितूतामावशीचा आवाज सगळ्या थिएटरात जायचा. "तुला दुसरं काही जमत नाही का रे? दुसऱ्या बायकांची पोरं बघ कशी घडाघडा बोलतायत!"

एकदा असंच घरी परतताना ती रस्त्यातच थांबली. काठी आपटून म्हणाली, "हे बघ, मी आंधळी आहे, खुळी नाही. तू म्हणतोस सिनेमात आहे. नन्नीना म्हणते सिनेमात आहे. मला काय ठाऊक? तू रोज पत्ते खेळायला जात असशील आणि सगळी गल्ली मिळून म्हातारीला बनवत असेल. मी तिथं बसते, लोकांची रडारड ऐकते, तुझा हुंकार म्हणून कधी ऐकला नाही. एकदा तुझा आवाज त्या तिथून ऐकू दे. मग मी सुखानं डोळे मिटते."

"मिटलेलेच आहेत की, आई."

"तोंड वर करून बोलू नकोस."

थट्टेत गेलं ते, पण अन्येल्लोच्या मनात रुतून बसलं. जग त्याला मेलेला म्हणून ओळखत होतं, त्याला त्याचं काही नव्हतं. आईला तो लबाड वाटतो हे मात्र त्याला सोसवेना. ती थकत चालली होती. जिना उतरायला तिला आता दोघांचा आधार लागायचा. तिच्या कानावर पडद्यावरून आपला एक शब्द जावा, एवढं एकच त्याला आयुष्याकडून हवं होतं, आणि मढ्याला शब्द कोण देतो?

दिला. त्या वर्षी रोमहून एक कंपनी आली. पाच गोष्टींचा एक सिनेमा करायचा होता, पाचही गोष्टी मरणाच्या आणि पाचही हसवायच्या. नाव होतं 'भेटीला येण्याची तसदी घेऊ नये'. आमच्याकडे माणूस गेला की भिंतीवर जो कागद चिकटवतात त्याच्या तळाला हे वाक्य असतं, आणि ते वाचूनच सगळे भेटीला येतात. पैसे अर्धे फ्रेंचांचे, म्हणून विधवा फ्रेंच होती. दिग्दर्शक फाल्किनी नावाचा, रोमचा, सतत पोट धरून चालणारा माणूस. पाचपैकी चार गोष्टींत मढं अन्येल्लोचंच होतं. एकात त्याला मिशी लावली, एकात दाढी, एकात पट्ट्या गुंडाळल्या. चौथ्यात शववाहिका चोरीला जाते आणि चोर मढ्यासकट समुद्रावर सहलीला जातात, त्यात त्याचे फक्त तळपाय दिसायचे. पाय तर पाय, अन्येल्लोनं ते मन लावून मेलेले ठेवले.

पाचव्या गोष्टीत मढं बोलणार होतं. म्हणून त्यासाठी रोमच्या रंगभूमीवरचा एक नामांकित म्हातारा नट बोलावला होता, ओत्ताविओ बेलमोंदी. गोष्ट अशी की काका गेलेले आहेत, घरात चूल बंद, रीतीप्रमाणे शेजारणीनं कॉफी पाठवलेली आहे, आणि नातेवाईक रडत रडत ती पितायत. तेवढ्यात काका पेटीत उठून बसतात, म्हणतात, "आणि मला कुणी कॉफी विचारणार आहे की नाही?" आणि पुन्हा आडवे होऊन मरतात. नातेवाईक एकमेकांकडे बघतात आणि रडणं पुढं चालू करतात.

बेलमोंदीसाहेब ऐटीत आले, पेटीत झोपले आणि झोपल्या झोपल्या त्यांचा चेहरा बदलला. खांदा इकडे नाही, तिकडे नाही, टाच बरोबर टोकाला.

"ही पेटी माझ्या मापाची कशी?" त्यांनी विचारलं.

सुतार फुशारून म्हणाला, "तुमच्याच मापाची आहे, साहेब. तुमच्या शिंप्याकडून माप मागवलं. एक बोट इकडे तिकडे नाही. बघा, आयुष्यभर टिकेल."

जिवंत माणसाच्या मापाची पेटी करायची नसते, हे सुताराला ठाऊक नव्हतं, कारण तो मिलानचा होता. बेलमोंदीसाहेब पेटीतून जे उठले ते केसांच्या टोपासकट थेट स्टेशनवर गेले. फाल्किनीनं पोट आवळलं आणि आजूबाजूला पाहिलं. कोपऱ्यात अन्येल्लो चौथ्या गोष्टीतले पाय पुसत बसला होता.

"ए मेलेल्या! तुला बोलता येतं का?"

अन्येल्लो उभा राहिला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्याला ह्या लोकांनी कधी विचारला नव्हता. "येतं, साहेब," तो म्हणाला. "घरी बोलतो मी."

वाक्य घेऊन तो घरी धावत आला. तितूतामावशीनं ते त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. "पोटातून आवाज काढ. 'कॉफी'वर जोर दे. अरे, भीक मागतोयस का? घरचा कर्ता आहेस तू, मेलास म्हणून काय झालं? रागानं विचार!" शेजारणींना तिनं खिडकीतून सांगितलं, आणि गल्लीत जे व्हायचं ते झालं. मेलेल्या माणसाचा आकडा सत्तेचाळीस आणि बोलणाऱ्या मेलेल्याचा अठ्ठेचाळीस, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. अन्येल्लो बोलणार, म्हणजे अठ्ठेचाळीस येणार, ह्यात शंकेला जागाच नव्हती. राहिले जोडीचे आकडे.

ते देवानंच धाडले म्हणायचे. चित्रीकरण वस्तीतल्याच एका जुन्या चौकात होतं. नन्नीना बायकांची फौज घेऊन दोरीपाशी उभी. कॅमेरा सुरू झाला. फ्रेंच विधवा पेटीवर कोसळली, केस मोकळे सोडले, आणि हंबरडा फोडला, "एकतीस! बत्तीस! हाय हाय, तेहेतीस!" छाती बडवून, डोळ्यांतून खरं पाणी काढून ती बाई आकडे रडत होती. तिला आपली भाषा येत नव्हती, म्हणून तिला नुसते आकडे म्हणायला सांगितले होते. ओठ हलले की झालं. पण हे सिनेमावाल्यांना ठाऊक. नन्नीनाला दिसली ती नवऱ्याच्या मढ्यावर पडून आकडे सांगणारी विधवा.

"अगं, धावा!" नन्नीना ओरडली. सगळ्या लॉटरीच्या दुकानाकडे पळाल्या, चौक रिकामा झाला. एक जण चप्पल विसरून गेली.

पेटीत पडलेल्या अन्येल्लोनंही ते ऐकलं. फ्रेंच लोक असेच रडत असतील, त्याला वाटलं. मग त्याची वेळ आली. तो उठून बसला, पोट आवळलं, घरच्या कर्त्याच्या रागानं त्यानं ते वाक्य फेकलं, आणि पुन्हा आडवा होऊन मेला. फाल्किनी हसून हसून खुर्चीवरून पडला. दिवेवाले हसले, विधवासुद्धा हसली. अन्येल्लो डोळे मिटून ते हसू ऐकत राहिला. असं सुख त्याला कधी मिळालं नव्हतं.

"बोललास?" आईनं दारातच विचारलं.

"बोललो, आई."

"सगळं? मधे अडखळला नाहीस?"

"एका दमात."

तितूतामावशी चाचपडत गेली आणि तिनं त्याच्यासाठी कॉफी ठेवली.

शनिवारी नेपल्सच्या सोडतीत त्यातला एकही आकडा निघाला नाही. अठ्ठेचाळीस निघाला, पण व्हेनिसच्या सोडतीत. "व्हेनिसला काय करायचाय?" नन्नीना कढईपुढं उभी राहून ओरडत होती. "बुडवणार आहेत पाण्यात?" महिनाभर अन्येल्लोशी कुणी धड बोललं नाही. तंबाखूच्या दुकानात त्याला तोंडावर सांगण्यात आलं की तो नीट मेला नव्हता.

त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो सिनेमाची वाट बघत होता, आणि आई तर त्याहून. सिनेमा आधी मोठ्या रस्त्यावरच्या महागड्या थिएटरात लागला. आईला नेण्याआधी आपण एकदा बघून यावं म्हणून अन्येल्लो एकटाच गेला. चार गोष्टी त्यानं कशाबशा काढल्या. पाचवी आली. पेटी, मेणबत्त्या, विधवा. विधवा आकडे रडत नव्हती. ती चक्क शुद्ध भाषेत नवऱ्याच्या आठवणी काढून रडत होती. अन्येल्लोला कसंतरी झालं. मग पडद्यावरचा अन्येल्लो उठून बसला, तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून भलत्याच माणसाचा आवाज आला. जाडा, गुळगुळीत, रोमचा. रेडिओवर हवामान सांगतात तसा. लोक खो खो हसले. अन्येल्लोनं स्वतःचा गळा चाचपून पाहिला.

बाहेर येऊन त्यानं कॅफेतून रोमच्या कंपनीला फोन लावला. फोनवरची बाई म्हणाली, "अहो, सगळ्यांचेच आवाज नंतर भरतात. आपल्याकडे कुठल्याही सिनेमात असंच असतं. चित्रीकरणात कुणाचा आवाज घेतच नाहीत. इतकी वर्षं काम करताय, तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला कसं ठाऊक असणार, बाई? मी मेलेला असायचो."

"आणि तुमची बोली पडली नेपल्सची."

"मढंही नेपल्सचंच होतं," अन्येल्लो म्हणाला, पण तोवर फोन ठेवला गेला होता.

घरी जाऊन तो मूग गिळून बसला. आई विचारायची, कधी नेतोस? तो म्हणायचा, गर्दी आहे, तिकिटं नाहीत, तुला खोकला आहे. ती म्हातारी मनातल्या मनात काय ते समजत गेली आणि विचारायची बंद झाली. एके दिवशी जेवताना सहज म्हणाली, "पत्त्यांत हरलास का? हरलास तर सांग. मी रागावणार नाही."  मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते अन्येल्लोला त्या दिवशी प्रथम कळलं, आणि त्याचा तर हा धंदा होता.

गोष्ट फोडली नन्नीनानं. ती मोठ्या रस्त्यावर सिनेमा बघून आली आणि कढईवर झारा आपटून म्हणाली, "चोरी! दिवसाढवळ्या चोरी! ह्याचा आवाज चोरला, त्या बाईचे आकडे चोरले! मी म्हणत होते ना, अठ्ठेचाळीस आला कसा नाही? अगं, मढं बोललंच नाही! रोमचा कुणी जिवंत माणूस बोलला खोलीत बसून. जिवंत माणूस बोलला तर आकडा कसा येईल?"

सगळ्या गल्लीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अन्येल्लोवरचा राग तिथल्या तिथं उतरला, आणि शंभर जणांची दया त्याच्यावर एकदम कोसळली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक आम्ही, पण मढं आमचं असलं तर त्याच्यासाठी भांडतोही. ठरलं असं. सिनेमा आठवड्याभरानं आमच्या वस्तीतल्या आउरोरा थिएटरात लागणार होता. तिथं यंत्र चालवणारा सावेरिओ हा नन्नीनाच्या मावसबहिणीचा नवरा. शुक्रवारच्या संध्याकाळच्या खेळाला, मढं उठून बसलं की सावेरिओ आवाजाची कळ बंद करेल. अन्येल्लो पडद्यामागं उभा राहील आणि आपलं वाक्य आपण म्हणेल. म्हणजे शनिवारच्या सोडतीआधी मढं रीतसर बोललेलं असेल. आणि तितूतामावशीलाही ऐकू जाईल, असं नन्नीना शेवटी म्हणाली.

"पण ही आईची फसवणूकच की," अन्येल्लो म्हणाला.

"कसली फसवणूक? तोंड तुझं, आवाज तुझा, वाक्य तुझं. फसवणूक रोमवाल्यांनी केली. आपण दुरुस्ती करतोय."

शुक्रवारी तितूतामावशीला खुर्चीत बसवून चौघांनी थिएटरात नेलं. तिनं ठेवणीतला काळा झगा घातला होता आणि हातात स्वतः शिवलेले मोजे. थिएटर फुटेस्तोवर भरलं होतं. सिनेमाशी कुणाला कर्तव्य नव्हतं, पहिल्या चार गोष्टी लोकांनी खारवलेले दाणे खात घालवल्या. पाचवी सुरू झाली. विधवा रडायला लागली तशी मागून कुणीतरी ओरडलं, "आकडे बोल गं, बाई!"

"आई, मी जरा बाहेर जाऊन येतो," अन्येल्लो म्हणाला.

"आत्ता? तुझी वेळ आली ना?"

"आलोच."

तितूतामावशीनं मान हलवली. तिला वाटलं, पोरगा तोंड लपवायला चाललाय. तिनं अडवलं नाही.

पडद्यामागं झाडू, बादल्या आणि जुन्या नाटकांच्या चौकटी होत्या. अन्येल्लो त्यांच्यात जाऊन उभा राहिला. त्याच्या डोक्यावर त्याचाच चेहरा होता, घराएवढा, डावा उजवा झालेला, मेलेला. ओठांवर वाक्य तयार होतं. नातेवाईकांनी कॉफीचे कप उचलले. घराएवढ्या चेहऱ्याचे डोळे उघडले. सावेरिओनं कळ फिरवली.

आणि थिएटर गप्प झालं. इतकं गप्प झालं की वर सावेरिओचं यंत्र फिरत होतं त्याची घरघर खाली ऐकू आली. कॅमेरा फिरतो तेव्हा अगदी अशीच घरघर होते. ती अन्येल्लोच्या कानावर पडली, आणि श्वास आपला आपण आत जाऊन बसला.

त्यानं तो बाहेर ओढायचा प्रयत्न केला. तो येईना. हात छातीवर जुळले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्याची मेल्याची खोड, ती जाणार कधी? पडद्यावर तोंड उघडलं, मिटलं, आवाज नाही. घराएवढा अन्येल्लो पुन्हा आडवा झाला. नातेवाईक मुक्यानंच एकमेकांकडे बघून मुक्यानंच रडायला लागले. वर सावेरिओ आवाजाची वाट बघत कळीवर हात ठेवून बसला होता.

"बोल रे मुडद्या!" नन्नीना किंचाळली. "उद्या शनिवार आहे!"

लोक उठायला लागले. शिट्ट्या झाल्या. कुणी म्हणालं, पळाला. कुणी म्हणालं, खरंच गेला की काय, बघा तरी. इतक्यात तितूतामावशीनं काठी जमिनीवर आपटली.

"गप्प बसा सगळे! एकदम गप्प!"

तिचा तो आवाज ऐकून शिट्टी घालणाऱ्यानंही बोटं तोंडातून काढली. म्हातारी खुर्चीत पुढं वाकली होती, मान जरा तिरकी.

"आहे," ती म्हणाली. "तिथंच आहे. समोर."

"कुठं, मावशी? काहीच तर ऐकू येत नाही," नन्नीना म्हणाली.

"तेच तर. श्वास धरून बसलाय तो. मी मोजे पोचवून घरी आले की पलंगाखाली असाच लपायचा, मला भेवडावायला. घर असं गप्प व्हायचं. असं गप्प दुसऱ्या कुणाला बसता येतच नाही." आणि मग तिनं सगळ्या थिएटराला, सावेरिओला, पडद्यावरच्या सगळ्या रडणाऱ्या नातेवाईकांना ऐकू जाईल अशी हाक मारली. "अन्येल्लो! सोड तो श्वास! गुदमरशील!"

पडदा हलला. त्याच्या मधोमध, पेटीत झोपलेल्या चेहऱ्याच्या बरोबर नाकातून म्हणावा असा, एक लांबच लांब सुस्कारा बाहेर आला. सगळ्यांनी ऐकला. आणि त्याच्यापाठोपाठ एक आवाज, भिजलेला, नेपल्सचा, जरा चिरका.

"हो, आई."

तितूतामावशी मागं टेकली. मोज्यातल्या हातानं तिनं नन्नीनाचं मनगट चाचपडून धरलं.

"खरंच सिनेमात आहे गं माझा पोरगा," ती म्हणाली.